इंदूकाकूंच्या दहा बाया

इंदूकाकू. जाम चौकातल्या खानावळवाल्या. आधी हे नाव लिहून ठेवते. पुढचं लिहिताना मी मध्येच घाबरून थांबले, तरी मला ज्यांनी सांभाळलं त्यांचं नाव कागदावर राहिलेलं असावं. माझा काही भरवसा नाही. सातवीत शाळा सुटली. चार ओळी लिहिल्या की कुणीतरी मागं उभं राहून चुका बघतंय असं वाटतं आणि छातीत धडधडायला लागतं. ही धडधड काकूंना पहिल्याच दिवशी कळली होती.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. माझा नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो. रस्ता पुढं सरकला की आमचं घर सरकतं. वर्धा जिल्ह्यात जामजवळ काम चालू होतं तेव्हा त्याला कावीळ झाली. ठेकेदाराचा तळ पुढं हलला, आमची पत्र्याची खोली उपसून ट्रकात घातली गेली, आणि नवरा दवाखान्यात. मी हायवेच्या कडेला ट्रंकेवर बसून होते. कुणाला काय विचारावं तेही सुचत नव्हतं. समोरच्या खानावळीतून एक बुटकी, सावळी बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

“रडाचं असन तं आतमंदी येऊन रड. इथं धूळ उडते, डोळे खराब होतीन.”

“मी रडत नाही,” मी म्हटलं.

“मंग पोळ्या लाट.”

मी आत गेले. पोळपाटाशी बसले तेव्हा त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, दीपाली.

“हे कोणं ठेवलं?”

“सासूनं. लग्नात.”

“अन् मायनं काय ठेवलं होतं?”

किती वर्षांत ते नाव कुणी विचारलं नव्हतं. “मंगल,” मी म्हटलं.

“मंगल, तो पिठाचा डबा इकडे सरकव.”

बस. मागची खोली मला मिळाली. नवरा दवाखान्यातून आला तेव्हा त्याच्यासाठी बिनतेलाचं मुगाचं वरण रोज वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजलं. भाड्याचं विचारलं तर काकू म्हणायच्या, “तुह्या पोळ्या गोल येते. माह्या जन्मात आल्या नाई. तेच भाडं.”

इकडच्या बाया स्वतःबद्दल ‘मी जातो, मी सांगतो’ असं बोलतात. आधी मला हसू यायचं. काकूंच्या तोंडून ऐकून ऐकून ते इतकं अंगवळणी पडलं की एकदा नवऱ्याला मीच म्हणाले, “मी येतो दुकानातून,” आणि तो बघतच राहिला.

काकू उंचीला माझ्या खांद्याला लागत. पण आवाज असा की चौकातला ट्रकवाला हॉर्न वाजवायचा थांबे. बसल्या की डावा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत राही. काळजी वाटली की पदराचं टोक दातात धरायच्या. त्यांच्या सगळ्या लुगड्यांची टोकं कुरतडलेली होती. म्हणजे त्याही घाबरायच्या. पण मी घाबरले की म्हणायच्या, “धकधक करून राह्यलं ना? करू दे. इंजन चालू आहे म्हणून आवाज येते.”

त्यांना एकच नाद. देशाच्या सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बाई बसली पाहिजे. एकदा बसली होती म्हणे, असं कुणी सांगितलं तर उसळायच्या. “एकदा पाणी पेलं का जन्मभर तहान नाई लागत काय?”

खानावळीत पेपर यायचा. पहिल्या पानावर पुढाऱ्यांचा फोटो असे. काकू चष्मा लावून फोटोत बाया शोधायच्या. स्टेजवर एकही बाई नसली की ते पान भज्यांचं तेल निथळायला. एखादी मागच्या रांगेत हार धरून उभी असली तर पान टेबल पुसायला. बाई माईकसमोर बोलत असली तरच पान घडी करून फळीवर जाई. त्या फळीवर फार पानं नव्हती.

एक ट्रक ड्रायव्हर नेहमी यायचा, चांगला माणूस, पाटोडीची भाजी त्याला फार आवडायची. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. तो सहज म्हणाला, “काकू, बाई माणूस घर चालवते ते ठीक आहे, देश कसा चालवन?”

काकूंनी त्याच्यापुढचं ताट उचललं आणि भट्टीपाशी नेऊन ठेवलं. “घ्या भाऊ, हातानं वाढून घ्या. पोळ्याही शेका. बाईच्या हातचं कायले खाता?”

सगळी खानावळ हसली. त्यानं खरोखर पोळी शेकायला घेतली, बोट भाजलं, ओरडला. काकूंनी बोटाला तूप लावलं, ताट वाढून दिलं आणि म्हणाल्या, “पोळी पलटवता येत नाई अन् सरकार कोणाच्या हातात द्याचं ते सांगून राह्यला.” पुढच्या फेरीला तो परत आला. त्यांच्या बोलण्यानं गिऱ्हाईक तुटलेलं मी तरी पाहिलं नाही.

दुसरा नाद सहीचा. खानावळीच्या मागं हळदीचं मोठं खळं होतं. ओली हळद कढईत उकडायची, पसरून वाळवायची, मग ड्रममध्ये घोळून चकचकीत करायची. तिथं कामाला येणाऱ्या बाया दुपारच्या चहाला काकूंकडे यायच्या, कोपरापर्यंत पिवळ्या. काकू परातीत कोरडं पीठ पसरायच्या आणि म्हणायच्या, “लिव्ह.” बाई बोटानं पिठात आपलं नाव लिहायची. चुकली की परात हलवायची, पीठ सपाट. पुन्हा लिव्ह. नाव कोणतं, तर माहेरचं. काकूंचं म्हणणं असं, “मायनं नाव ठेवलं, बापाचं आडनाव भेटलं. मंग लग्नात नवऱ्याकडच्यायनं पाटी पुसली अन् दुसरंच लिवलं. ते त्यायच्या कामाचं. सही आपल्या कामाची.” बँकेत त्या स्वतः माहेरच्या नावानंच सही करायच्या, आणि तिथं चालत होती. मग सगळीकडेच चालणार असं त्यांनी धरलेलं.

अंगठ्याचा त्यांना राग होता. “अंगठा जनावराचा बी उमटते. जे बाई अंगठा लावीन तिनं माह्या घरचा चहा नाई प्याचा.” बाया हसायच्या, पण शिकायच्या. द्वारकाबाई सगळ्यांत मोठ्या, साठीच्या पुढं. त्यांना ‘द्वा’ जमायला पावसाळा गेला. जमला त्या दिवशी त्यांनी परात कुणाला हलवू दिली नाही. त्या पिठाच्या पोळ्याही होऊ दिल्या नाहीत.

मग लोकसभेची निवडणूक आली, आणि वंदनाताई उभ्या राहायचं म्हणाल्या.

वंदनाताई जवळच्याच गावच्या, आधी सरपंच होत्या. शाळेच्या मुलींसाठी एसटी थांबत नव्हती तेव्हा घरून खुर्ची आणून रस्त्याच्या मधोमध बसलेल्या बाई. कोणत्याच पक्षाचं तिकीट नव्हतं, अपक्ष. खानावळीत चहा पिता पिता त्यांनी पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं.

“मी खासदारकीसाठी नाई उभी राहून राह्यली. मले पंतप्रधान व्हायचं आहे. रस्ता खासदारकीतून जाते, म्हणून खासदार.”

शेजारच्या टेबलावर चार माणसं होती. एकाच्या नाकातून चहा आला. “ताई, आधी समुद्रपूरची एसटी वेळेवर आणा, मंग दिल्ली पाहू!”

वंदनाताईंचा चेहरा उतरला. मी पोळपाटावरून बघत होते. माझंच कुणी हसं केल्यासारखे माझे कान तापले. काकूंचा पाय हलायचा थांबला.

“काऊन हासता?” त्या म्हणाल्या. “जो कोणी पंतप्रधान होते तो कोणत्या तरी एका मतदारसंघातूनच जाते ना? आभाळातून तं पडत नाई? मंग तो मतदारसंघ आपला काऊन नाई?”

एकजण बिडी शोधायला लागला.

त्या दिवसापासून काकूंची खानावळ म्हणजे वंदनाताईंचं कार्यालय झालं. अपक्ष उमेदवाराला अर्जावर दहा सूचक लागतात, म्हणजे त्याच मतदारसंघातले दहा मतदार, जे सही करून सांगतात की हा माणूस उभा राहावा असं आम्हाला वाटतं. वंदनाताई म्हणाल्या, दोन-चार वजनदार माणसं बघू. काकू म्हणाल्या, “दहाच्या दहा बाया. अन् दहाच्या दहा सह्या. अंगठा एक बी नाई.”

हळदीच्या खळ्यातल्या नऊ बाया आणि दहाव्या काकू. मला यादीत जागा नव्हती. माझं नाव सांगोल्याकडं, तेही दीपाली म्हणून. मी नुसता चहा दिला. द्वारकाबाईंनी सही करताना श्वास धरून ठेवला होता. झाल्यावर म्हणाल्या, “बाप्पा, बाळंत झाल्यावाणी वाटलं.”

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी काकू, वंदनाताई आणि मी सकाळीच वर्ध्याला गेलो. मला काकूंनी का नेलं माहीत नाही. बहुतेक कागद धरायला, मी भीतीनं कागद इतके घट्ट धरते की वाऱ्यानंही सुटत नाहीत. कचेरीत मोठी गर्दी होती, पक्षांचे झेंडे, ढोल. आत एका टेबलावर अर्ज आधी तपासून देत होते. टेबलावरचे साहेब चांगले होते, सावकाश बोलणारे. त्यांनी मतदार यादी उघडली, एकेक नावावर बोट ठेवत गेले. मग बोट थांबलं.

“ही सही कोणाची? द्वारका.”

“द्वारकाबाईची,” काकू म्हणाल्या.

“या क्रमांकावर यादीत सुनीता आहे.”

“तेच ते. सुनीता सासरचं. आमची द्वारकाच.”

त्यांनी पुढची पाहिली. त्याच्या पुढची. दहांपैकी तिघींचीच नावं जुळत होती. काकूंचं स्वतःचंही नाही. यादीत इंदू, आणि सही कौसल्या. काकूंचं माहेरचं नाव कौसल्या आहे हे मला त्या टेबलापाशी कळलं.

“बाई, सही कशीही असू शकते,” साहेब म्हणाले. “वाचता नाही आली तरी चालते. पण इथं सरळ दुसरंच नाव वाचता येऊन राह्यलं. छाननीत समोरच्यानं हरकत घेतली की ह्या बाया त्या नव्हेतच, तर ताई, तुमचा अर्ज जाऊ शकते. कोरा अर्ज देतो. यादीतल्या नावानं सह्या आणा. नाहीतर आमच्यासमोर अंगठे. पण तीनच्या आत.”

वंदनाताई मटकन बाकावर बसल्या. काकूंनी पदर दातात धरला.

आम्ही बाहेर आलो तर पांढऱ्या कपड्यातला एक माणूस मागं मागं आला. सगळं ऐकलेलं दिसत होतं. फार गोड बोलत होता. “ताई, काही टेन्शन घेऊ नका. दहा मतदार मी आत्ता उभे करतो, पाच मिनिटात. आमचीच पोरं आहेत. फक्त प्रचारात कुठं बोलायचं अन् कुठं नाई, ते थोडं आम्ही सांगू.”

वंदनाताईंनी काकूंकडे पाहिलं. “काकू, वेळ नाई. सह्याच तं पाहिजेत. कोणाच्या का असंना.”

मला वाटलं, घ्यावं. खरंच वाटलं. तासाभराचा रस्ता जायला, तासाभराचा यायला, आणि ऊन तर डांबर वितळवणारं.

काकू त्या माणसाला म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही देल्लेली माणसं तुम्ही म्हणान तेव्हा परत बी न्यान. आमच्या बाया आमच्यापाशीच राहतीन.” मग वंदनाताईंना, “तू इथंच बस. अनामत अन् बाकीचे कागद पाहून घे. मी बाया आणतो.”

“आणि नाही आल्या तर?” मी विचारलं.

“तं नाई आल्या. आधी जाऊ तं दे.”

बबनभाऊंची काळीपिवळी, जिच्यातून सकाळी आलो होतो ती भाड्याची जीप, उभीच होती. परतीच्या वाटेत काकूंचा नुसता पाय हलत होता. जाम आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मी चुकलो, मंगल. आता त्यायले कोणत्या तोंडानं सांगू?”

खळ्यात कढई पेटलेली होती. वाफेत बाया नीट दिसतही नव्हत्या. काकूंनी सगळ्यांना बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. नावं जुळत नाहीत. तीनच्या आत वर्ध्याला पोचायचं. सासरचं नाव लिहायचं, नाही आलं तर अंगठा.

द्वारकाबाई पुढं आल्या.

“मी नाई लावत अंगठा. तूच म्हणलं होतं ना, चहा नाई प्याचा म्हणून? चहा सोडला नाई मी, अंगठा सोडला.”

“सोडला ना. तं मंग सुनीता लिव्ह.”

“सुनीता कोण आहे?” द्वारकाबाई ओरडल्या. “चाळीस वर्षं झाले, मले सुनीता म्हणणारी सासू मेली. मी ओळखत नाई तिले!”

काकूंचा आवाज खाली आला. असा मी कधी ऐकला नव्हता. “द्वारके, त्यायच्या यादीत तू नाईच. सुनीता आहे. मत सुनीताचं आहे. आज तिले बलावून आण फक्त. उद्यापासून पाहू तिच्याकडे.”

खळ्याचा मालक मध्येच म्हणाला, हळद अर्धी कच्ची आहे, कोण बघणार? मी कसं कोण जाणे म्हणून गेले, “माझा नवरा बघेल.” तो नुकताच उठून फिरायला लागला होता. त्याला बोलावलं, हातात फावडं दिलं. डोळ्यांत अजून काविळीची पिवळी झाक, आणि समोर हळदीची वाफ. तो बापडा काही न विचारता उभा राहिला.

काळीपिवळीत किती माणसं बसतात याचा काही नियम असेल तर त्या दिवशी आम्ही तो मोडला. नऊ बाया, काकू, मी, बबनभाऊ. काकूंनी माझ्या हातात पेन दिलं. “तू सातवी शिकली ना? लिव्ह प्रत्येकीच्या तयहातावर. सासरचं नाव. मोठ्ठं.”

मी लिहायला लागले. हळदीनं पिवळ्या झालेल्या तळहातांवर निळी अक्षरं. सुनीता. लता. वर्षा. गाडी उडाली की काना भलतीकडे जाई. बाया बोटानं ती अक्षरं गिरवत होत्या, एकमेकींच्या पाठीवर लिहून बघत होत्या.

“अवं, गुदगुल्या कायले करतं?”

“वर्षा लिवून राह्यली. हालू नको, तुह्या पाठीवर मात्रा चुकते.”

“वर्षात मात्रा नाई वं!”

इतक्या ताणात सगळ्या हसल्या. मीही. आणि तेवढ्यात गाडी थांबली. पुढं कुटाराची ट्रॉली कलंडली होती. जनावरांचा तो कोरडा चारा सगळ्या रस्त्यावर पसरलेला, दोन्हीकडे गाड्या उभ्या. ट्रॉलीवाला डोक्याला हात लावून बसलेला. बबनभाऊ म्हणाले, “झालं. हे तासभर हटत नाई.”

काकू उतरल्या. पाठोपाठ सगळ्या. पदर खोचले आणि दोन्ही हातांनी कुटार कडेला लोटायला लागल्या. मी ओरडत होते, “हात पुसू नका! अक्षरं जातील!” तरी दोघींच्या तळहातावरचं घामानं पुसलं गेलंच. एक गाडी जाण्याएवढी वाट झाली तशी मागचे ड्रायव्हर टाळ्या वाजवायला लागले. काकू त्यांना म्हणाल्या, “टाळ्या कायले वाजवता? मत देजा.”

कचेरीच्या दाराशी पोलीस. उमेदवार धरून पाचच जण आत, असा नियम. आम्ही इतक्या बाया, घामेजलेल्या, केसात कुटार. पोलीस म्हणाला, “मोर्चा पलीकडे.” काकू म्हणाल्या, “मोर्चा नाई भाऊ, सूचक आहो.” त्याला पटेना. आतलं घड्याळ मला दारातून दिसत होतं आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. शेवटी टेबलावरचे साहेब बाहेर आले, बायांचे हात पाहिले, काय समजायचं ते समजले. “चार-चार करून सोडा,” म्हणाले.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. दार उघडंच होतं.

पहिल्या चौघींत नावं जुळणाऱ्या तिघी होत्या, त्यांनी पटकन सह्या केल्या. चौथ्या द्वारकाबाई. त्यांनी डावा तळहात टेबलावर पसरला, त्याच्याकडे बघत उजव्या हातानं लिहायला लागल्या. ‘सु’ झाला. मग बराच वेळ काहीच नाही.

मोठे अधिकारी घड्याळाकडे बघून म्हणाले, “बाई, अंगठा लावा ना, उशीर होतोय.”

“थांबा साहेब,” द्वारकाबाई मान वर न करता म्हणाल्या, “अर्धी सुनीता झाली.”

कुणाला हसायचं धैर्य नव्हतं. ‘ता’चा काना कागदाच्या रेघेखाली उतरला, पण झाला.

पुढच्या दोघींनी तळहातावर बघत कशातरी सह्या केल्या. राहिल्या चौघी, त्यात काकू. उरलेल्या तिघींपैकी दोघींची अक्षरं पुसली गेलेली, तिसरीनं पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं. अधिकाऱ्यांनी शाईचं पॅड पुढं सरकवलं. तिघींनी हात पदरात घेतले आणि एक पाऊल मागं सरकल्या. एकजण भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. साहेब म्हणत होते, “अहो लाजायचं काय त्यात? चालतं.” पण त्या अधिकाऱ्यांकडे बघतच नव्हत्या. त्या काकूंकडे बघत होत्या.

मला वाटलं, संपलं. इतकं करून इथं संपलं.

काकू पुढं झाल्या. पेनाला हात लावला नाही. अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. जोर लावून, पोळीची कड दाबावी तसा.

टेबलावरच्या साहेबांनी चमकून पाहिलं. “बाई, तुम्हाला तर लिहिता येतं. सकाळचा अर्धा अर्ज तुमच्याच अक्षरात होता.”

“येते साहेब,” काकू म्हणाल्या. “आज नाई येत.”

आणि मागं वळून, “चला वं पोरींनो. माह्या बाजूले लावा.”

तिघींचे अंगठे उमटले. अर्ज स्वीकारला गेला. वंदनाताई बाहेर येऊन काकूंच्या गळ्यात पडल्या, बाया एकमेकींच्या केसातलं कुटार काढत हसत होत्या, बबनभाऊंनी कुठून तरी उसाचा रस आणला. काकू मात्र परत येताना खिडकीपाशी बसून अंगठा लुगड्याला पुसत होत्या, शाई निघत नव्हती.

“जमलं की काकू,” मी म्हटलं. “आता कशाला तोंड पाडलंय?”

“त्या तिघी मागं सरकल्या ना, ते कोणाच्या भेवानं? साहेबाच्या नाई. माह्या.” मग म्हणाल्या, “मी त्यायले नाव शिकवाले गेलतो, अन् अंगठ्याची शरम शिकवून बसलो.”

त्यानंतर त्या चहाच्या अटीचं कधी बोलल्या नाहीत. परातीतलं पीठ चालूच राहिलं, पण आता बाया दोन्ही नावं लिहायच्या, आणि जिला जमत नसे तिला चहा आधी मिळायचा.

वंदनाताई उभ्या राहिल्या. काळीपिवळीवर भोंगा बांधून गावोगाव फिरल्या. अल्लीपूरच्या बाजारात त्यांनी तेच वाक्य म्हटलं, मला पंतप्रधान व्हायचंय, आणि तिथंही हसले. पण मागच्या रांगेतल्या बाया हसल्या नाहीत, हे मी पाहिलं. निकाल लागला. अनामत गेली. मतं इतकी थोडी पडली की पेपरात ‘इतर’ असं लिहून मोकळे झाले. काकूंनी ते पान भज्यांना वापरलं नाही, फळीवरही ठेवलं नाही. नुसतं टेबलावर राहू दिलं, दिवसभर.

संध्याकाळी चौकातली माणसं आली. “काय काकू, तुमच्या पंतप्रधान कुठं गेल्या?”

“निंघाल्या आहेत,” काकू म्हणाल्या. “दिल्ली दूर आहे, अन् मधात तुमच्यासारखे गतिरोधक लय.”

मी रात्रीची भांडी आवरताना त्यांना विचारलं, “काकू, पुढच्या वेळी तुम्हीच का नाही उभ्या राहत?”

त्या एकदम चिडल्या. “मी कायची उभी राहतो? काहीतरीच बोलतं! पोळ्या कोण लाटन? तू तं चालली.”

खरंच, आम्ही चाललो होतो. नवरा बरा झाला होता, ठेकेदारानं छत्तीसगडात बोलावलं होतं. निघायच्या सकाळी काकूंनी तिखट पुऱ्यांचा डबा दिला. मला रडू आवरेना. त्यांनी माझा हात धरून छातीवर ठेवला, त्यांच्या स्वतःच्या. आत मोठ्यानं धडधडत होतं. “पाह्य,” म्हणाल्या, “माहंबी चालू आहे. जाजो नीट.” आणि वळून भरभर आत गेल्या, मागं पाहिलं नाही.

रोलर ट्रेलरवर चढवलेला, आम्ही ट्रकच्या केबिनमध्ये. उंचावरून खानावळीच्या मागची भिंत खालीच दिसत होती, तिच्या पलीकडचं अंगणही. खाली उभं राहून ते कधीच दिसलं नसतं. अंगणात काकू एकट्या होत्या. तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर चढल्या होत्या. समोर कुणी नाही, दोरीवर धुणं फक्त. एक हात कमरेवर, एक वर, आणि त्या बोलत होत्या. मध्येच थांबल्या, मान हलवली, जमलं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. इंजिनच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू आला नाही. नवरा म्हणाला, “कुणाशी बोलतायत त्या?” ट्रक वळला.

काकू, मी पाहिलंय. तुम्ही चिडाल, पण मी पाहिलंय. इथं रस्त्याचं काम अजून बरंच आहे आणि मी अजूनही दार वाजलं तरी दचकते. पण ज्या दिवशी तुम्ही अर्ज घ्याल, त्या दिवशी मला निरोप धाडा. मी नवऱ्याला इथं सोडून का होईना, जामला येईन, तिथल्या यादीत माझं नाव घालीन, मंगल म्हणून, आणि तुमच्या दहांतली एक होईन. तुमचं मुगाचं वरण मला असंच फेडायचं आहे.